सागवानी 'वेलस्ली'

नागपुरातील सदर भागाच्या रेसिडेन्सी रोडला ज्या रेसिडेन्सीचे नाव चिकटले आहे, ती नागपूरच्या दरबारात स्थिरावली ती देवगावच्या तहामुळे. इंग्रजांशी झालेल्या १७ डिसेंबर १८०३ च्या त्या तहान्वये दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी कटक प्रांत आणि वर्धेपलीकडील वऱ्हाड सोडले, परस्परांच्या दरबारी वकील ठेवण्याचे कलम मान्य केले, आणि त्यापाठोपाठ माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून येथे दाखल झाला. असई, आडगाव आणि गाविलगड या तीन आघातांनी भोसल्यांना या तहापर्यंत आणणारा सेनापती आर्थर वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. आणि त्याचे नाव धारण करणारे ७४ तोफांचे लढाऊ जहाज इंग्लंडात नव्हे, तर मुंबईच्या गोदीत, हिंदी सागवानाचे, हिंदी हातांनी घडले.

त्या गोदीचे आधिपत्य तेव्हा जमशेटजी बमनजी वाडिया यांच्याकडे होते. सुरतेहून १७३६ च्या सुमारास मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजींचे हे नातू. १८१० साली त्यांनी 'मिंडेन' हे ७४ तोफांचे जहाज पाण्यात उतरवले, तेव्हा ब्रिटिश आरमाराच्या पहिल्या फळीचे जहाज मायदेशाबाहेरही निर्माण होऊ शकते, हे लंडनच्या अधिकाऱ्यांस प्रत्यक्ष दिसले. 'वेलस्ली'साठी विलायतेहून रवाना केलेले आराखडे मात्र मुंबईस कधी पोहोचलेच नाहीत. ते नेणारे 'जावा' जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांच्या हाती पडले. तेव्हा याच गोदीत सिद्ध झालेल्या 'कॉर्नवॉलिस'च्या घाटावरून नवे जहाज बांधण्यात आले. माझ्या मते गोदीच्या स्वावलंबनाचा याहून बोलका पुरावा नाही.

पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, मांडताना त्यात रुप्याचा खिळा ठोकण्याचा पारशी रिवाज या गोदीत होता. त्यावर मलबारच्या सागाच्या वाकलेल्या फासळ्या चढत आणि मग फळ्या. या फळ्या नुसत्या कडेला कड लावून न ठेवता, कडांना खाच पाडून एकीत दुसरी बसवण्याची देशी कारागिरांची रीत, आणि सांध्यात कापूस व राळ भरलेली, त्यामुळे पाणी आत शिरकाव करीत नसे. विलायती ओकमधील आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते, सागातील तेल मात्र त्यांचे रक्षण करते. आलापल्लीच्या रानातला साग ज्याने रंध्याने तासला आहे, त्या विदर्भातल्या सुताराला हे तेल हाताच्या स्पर्शानेच ठाऊक असते. ५५,१४७ पौंड खर्चून सिद्ध झालेले हे जहाज २४ फेब्रुवारी १८१५ रोजी पाण्यात उतरले. दोनच दिवसांनी नेपोलियन एल्बा बेटावरून निसटला. नागपुरात रघुजी अद्याप गादीवर होते.

१८३९ च्या फेब्रुवारीत रिअर अॅडमिरल फ्रेडरिक मेटलंड याच्या निशाणाखाली 'वेलस्ली'ने मनोऱ्याच्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि कराची इंग्रजांच्या ताब्यात गेली. १८१५ मध्ये नेपोलियनने ज्याच्या जहाजावर शरणागती पत्करली, तोच हा मेटलंड. १८३९ च्याच नोव्हेंबरात मुंबईच्या समुद्रात, याच जहाजावर त्याचा अंत झाला. पुढल्या साली अफूच्या युद्धासाठी 'वेलस्ली' चीनकडे गेले. चुसानचा पाडाव, हाँगकाँगचा ताबा, कँटनच्या वाटेवरील किल्ल्यांवरचा मारा, या सर्वांत ते पुढे होते. युद्धाअखेर त्याच्या कुशीत सत्तावीस गोळे रुतलेले सापडले आणि तरीही जहाज शाबूत होते. कारागिरीचा अभिमान बाळगावा असाच हा प्रसंग. पण माळव्याची अफू ज्या बंदरातून चीनकडे जाई, त्याच बंदरात घडलेले जहाज त्या अफूच्या बाजूने लढले, हे वाचताना मन खिन्न झाल्यावाचून राहत नाही.

पुढे वाफेचे युग आले. काही काळ पहाऱ्यावर राहून १८६८ मध्ये ते 'कॉर्नवॉल' या नावाने टेम्स नदीत उभे राहिले, वाट चुकलेल्या मुलांची सुधारशाळा म्हणून. २४ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन विमानांनी लंडनवर चढाई केली, तेव्हा त्या मुंबईच्या सागावर बॉम्ब पडले आणि सव्वाशे वर्षांचे ते जहाज नदीतच बुडाले. शिडांच्या काळातील पहिल्या फळीचे, पण विमानहल्ल्याने जलसमाधी मिळालेले ब्रिटिश जहाज हे एकच. १९४८ साली ते वर काढून मोडण्यात आले आणि त्याचे काही वासे लंडनच्या न्यायालयाच्या दुरुस्तीस लागले. नाळेवरची कोरीव मूर्ती चॅटमच्या गोदीत ठेवली आहे. जमशेटजींच्याच देखरेखीखाली १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरलेले त्याचे धाकटे भावंड 'त्रिंकोमाली' मात्र इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे, आणि त्याचे सागवान पाहणाऱ्यास हात लावून पाहता येते.