दरमहा दीड लाख : रघुनाथरावाच्या इंग्रजी कुमकेचा जमाखर्च

६ मार्च १७७५ रोजी सुरतेला तह झाला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने रघुनाथराव पेशव्याला पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी लष्करी कुमक देण्याचे कबूल केले. कुमक फुकट नव्हती. अडीच हजार माणसे, त्यांत सात-आठशे गोरे, बरोबर तोफखाना. खर्च दरमहा दीड लाख रुपये, आणि तो सोसायचा रघुनाथरावाने. याखेरीज वसई, साष्टी, मुंबईलगतची बेटे आणि गुजरातेतील जंबुसर व ओलपाड हे परगणे कंपनीला कायमचे द्यायचे. हमी म्हणून सहा लाखांची अनामत ठरली होती. रघुनाथरावाजवळ रोकड नव्हती, म्हणून तेवढ्या किमतीचे जवाहीर कंपनीकडे गहाण पडले. ही कुमक परवडली का आणि कोणाला, हा वाद पुढे मुंबई, कलकत्ता, पुणे आणि लंडन या चारही ठिकाणी वर्षानुवर्षे चालला.

मुंबईकरांचा डोळा मुळात साष्टीवर होता. चिमाजी आप्पाच्या मोहिमेत साष्टी १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आली, तेव्हापासून मुंबई बेट तिन्ही बाजूंनी पेशव्यांच्या मुलखाने वेढलेले होते. बेटावर पिकणारे धान्य बेटाला पुरत नव्हते. बंदराचे उत्पन्न फौजेच्या आणि तटबंदीच्या खर्चाला पुरत नव्हते, आणि दरसाल पडणारी तूट बंगालच्या पैशाने भरून निघत होती. साष्टी-वसई मिळाली तर मुंबई स्वतःच्या पायांवर उभी राहील, असे गव्हर्नर विल्यम हॉर्नबी व त्याच्या कौन्सिलाचे गणित होते. लंडनचे संचालकही ही ठाणी मिळवण्याविषयी लिहीत असत. बळजोरी मात्र त्यांना नको होती.

संधी पुण्यातील घरच्या कलहाने आणून दिली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि चुलता रघुनाथराव पेशवा बनला. सखाराम बापू, नाना फडणीस आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान रचले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेला मुलगा झाला आणि तेव्हापासून बारभाई या तान्ह्या पेशव्याच्या नावाने कारभार करू लागले. रघुनाथरावाने इंग्रजांशी बोलणे लावले, पण साष्टी-वसई द्यायला तो सुरुवातीला राजी नव्हता. गुजरातेतला मुलूख घ्या, पैसा घ्या, ही ठाणी मागू नका, असा त्याचा आग्रह होता. ज्याच्यावर पुढे मुलूख विकल्याचा ठपका आला, त्या माणसाने घासाघीस बरीच चिवटपणे केली होती, हे इथे नोंदवायला हवे.

बोलणी चालू असतानाच मुंबईकरांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला करून तो घेतला. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत आहे, असे कारण पुढे करण्यात आले. म्हणजे कुमकेची किंमत कुमक देण्यापूर्वीच वसूल होऊ लागली. फेब्रुवारी १७७५ मध्ये गुजरातेत मही नदीच्या परिसरात रघुनाथरावाचा पराभव झाला आणि तो खंबायत-भावनगरमार्गे सुरतेला आला. पदरी पगार थकलेली फौज होती आणि पाठीवर बारभाईंचा सेनापती हरिपंत फडके. अशा माणसाकडून कोणतीही अट मान्य करून घेता येते. तहात त्याने दिलेल्या बहुतेक गोष्टी त्या वेळी त्याच्या हातात नव्हत्या. लढाई जिंकली तरच त्या देता येणार होत्या.

कर्नल कीटिंगची फौज त्याला जाऊन मिळाली आणि १८ मे १७७५ रोजी आणंदजवळ अडास येथे हरिपंताच्या सैन्याशी गाठ पडली. मैदान इंग्रजांकडे राहिले, पण गोरे अधिकारी आणि ग्रेनेडियर शिपाई इतके पडले की या विजयाचे कौतुक मुंबईत बेताबेतानेच झाले. पुढे पुण्यावर चालून जायचे तर रघुनाथरावाची स्वतःची माणसे थकलेला पगार मिळाल्याशिवाय नर्मदा उतरायला तयार होईनात. हा पैसा बडोद्याच्या फत्तेसिंग गायकवाडाकडून काढायचा घाट घालण्यात आला. त्यात पावसाळा आला. दरमहा दीड लाखाचा आकडा चढत होता आणि फौज गुजरातेत बसून होती.

तेवढ्यात कलकत्त्याचा हुकूम आला. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबई व मद्रास या इलाख्यांना तह-युद्धाच्या बाबतीत कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलाखाली आणले होते. मुंबईकरांनी त्याला न विचारता तह केला आणि लढाईही सुरू केली. क्लेव्हरिंग, मॉन्सन व फ्रान्सिस या बहुमतवाल्या त्रिकुटाला हे सहन होण्यासारखे नव्हते. युद्ध अनधिकृत आहे, अन्याय्य आहे आणि धोक्याचेही आहे, असे कलकत्त्याने मुंबईला कळवले. ज्याच्या बाजूने लढायचे त्याला त्याच्याच राज्यात पाठिंबा नाही आणि सगळ्या मराठेशाहीशी वैर पत्करायला मुंबईकडे ना माणसे ना पैसा, असा त्यांचा मुद्दा होता. गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जलाही तह पसंत नव्हता, मात्र चालू मोहीम एकदम मागे घेतल्यास कंपनीची अब्रू जाईल, असे त्याचे मत पडले.

मुंबई कौन्सिलाने आपली बाजू मांडायला टेलर या सदस्याला कलकत्त्याला पाठवले. त्याने साष्टी-वसईचे महत्त्व सांगितले आणि मराठ्यांची वाढती सत्ता मुंबईला कशी जाचते तेही मांडले. शब्द दिलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडले तर पुन्हा कोणी कंपनीच्या शब्दावर विसंबणार नाही, असेही बजावले. वादाची ठेवण पाहण्यासारखी आहे. मुंबईकर मुलखाचे उत्पन्न मोजत होते आणि कलकत्तेकर युद्धाचा खर्च. दोघांचे आकडे आपापल्या जागी बरोबर होते. मिळणारा मुलूख मुंबईच्या खात्यावर चढणार आणि खर्चाची रक्कम बंगालच्या खजिन्यातून येणार, ही खरी अडचण होती आणि तिच्याविषयी उघड बोलायला कोणीच उत्सुक नव्हते.

कलकत्त्याने कर्नल अप्टनला परस्पर पुरंदरला पाठवले. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहाने कंपनीने रघुनाथरावाचा पक्ष सोडला. साष्टी इंग्रजांकडेच राहिली, युद्धखर्चापोटी १२ लाख रुपये पुणे दरबाराने द्यायचे ठरले आणि रघुनाथरावाने दरमहा २५,००० रुपयांवर कोपरगावी राहायचे ठरले. बारभाईंच्या दृष्टीने हा विचित्र सौदा होता, कारण स्वतःविरुद्ध झालेल्या मोहिमेचा खर्च त्यांनाच भरायचा होता. रघुनाथराव कोपरगावी गेला नाही आणि मुंबईकरांनी त्याला आसरा दिला. त्याच वर्षी लंडनच्या संचालकांचे पत्र येऊन पोहोचले. त्यांनी सुरतेच्या तहाला पसंती दिली होती. पत्र यायला-जायला महिनेच्या महिने लागत असल्याने एकच कंपनी मुंबईत युद्धाच्या बाजूची, कलकत्त्यात विरोधातली आणि लंडनमध्ये पुन्हा बाजूची झाली. मुंबईकरांना हवे ते पत्र हातात धरायची सोय मिळाली.

परकी कुमक घ्यावी का, हा प्रश्न पुण्यातही होताच. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुणे दरबारात आला. फ्रेंच फौज व दारूगोळा देण्याच्या आणि त्याबदल्यात चौलचे बंदर घेण्याच्या गोष्टी तो करू लागला. नानाने त्याचा सत्कार केला. त्याच्या मागे फ्रान्सचे किती बळ आहे, याविषयी शंका घ्यायला जागा होती, पण हा पाहुणा पुण्यात वावरतो आहे एवढ्यानेच इंग्रज बेचैन होत होते. फ्रेंच फौज आली नाही. भीती तेवढी निर्माण झाली आणि तिने काम दोन्हीकडे केले. नानाला इंग्रजांवर वचक बसवता आला आणि मुंबईकरांना पुन्हा मोहीम काढायला सबब मिळाली.

नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावाला बरोबर घेऊन मुंबईची फौज पुण्याकडे निघाली. माणसे ३,९०० च्या आसपास होती, सामान वाहणारे बैल मात्र १९,०००. कर्नल एजर्टन, कार्नाक आणि मॉस्टिन यांच्या समितीकडे हुकमत होती, म्हणजे रणांगणावरही मतदान करावे लागणार होते. मॉस्टिन आजारी पडून वारला, एजर्टनही आजारी पडला आणि सूत्रे कॉकबर्नकडे आली. बोरघाट चढल्यावर फौज दिवसाला दोन-तीन मैलांपलीकडे सरकेना. पुणे दरबाराकडून लढणारे महादजी शिंदे आणि हरिपंत समोर ठाकून लढाई देत नव्हते. वाटेतला चारा, धान्य आणि गावे जाळत ते मागे हटत होते. कार्ल्याला ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्टुअर्ट पडला. ‘इष्टुर फाकडा’ म्हणून मावळात त्याची आठवण राहिली. ९ तारखेला तळेगाव गाठले तेव्हा ते जळत होते.

रघुनाथराव दिसताच मराठे सरदार त्याच्याकडे येतील, हा सगळ्या बेताचा पाया होता. कोणीही आले नाही. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून, कोठाराला आग लावून फौज गुपचूप मागे फिरली. पुणे अवघे अठरा-वीस मैलांवर उरले होते. मराठ्यांनी वडगावला तिला गाठून कोंडले. तेथील करारात १७७३ पासून मिळवलेला सगळा मुलूख परत करण्याचे इंग्रजांनी मान्य केले, दोन ओलीस दिले आणि रघुनाथराव महादजीच्या स्वाधीन झाला. जे ठाणे मिळवण्यासाठी कुमक दिली तेच कुमकेपायी सोडायची पाळी आली होती. मुंबईने आणि कलकत्त्याने हा करार झिडकारला.

आता कलकत्त्यानेच लढाई हाती घेतली. फ्रान्सिसचा विरोध मोडून काढून हेस्टिंग्जने मध्य हिंदुस्थानातून पाठवलेली बंगालची फौज कर्नल गॉडर्डच्या हाताखाली फेब्रुवारी १७७९ च्या अखेरीस सुरतेला पोहोचली. महादजीच्या ताब्यातून निसटून रघुनाथरावही पुढे गॉडर्डकडे आला. नेमणूक मिळाली, मान मिळाला. पण युद्ध आता त्याच्यासाठी चाललेले नव्हते. अहमदाबाद, ग्वाल्हेर, वसई अशी एकेक ठाणी १७८० मध्ये इंग्रजांना मिळाली. १७८१ च्या वसंतात गॉडर्ड बोरघाटावरून नुकसान सोसून मागे फिरला.

नानाने या काळात निजाम, म्हैसूरचा हैदर आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र ओढले होते. ही मदतही फुकट नव्हती. कृष्णेच्या दक्षिणेकडचा, मराठ्यांनी वर्षानुवर्षे लढून घेतलेला मुलूख हैदरकडे राहू द्यावा लागला. त्या बदल्यात हैदर १७८० मध्ये कर्नाटकात उतरला आणि मद्रासकरांची दाणादाण उडाली. मुधोजी भोसल्याला गप्प बसवण्यासाठी हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजले. दोन आघाड्यांवरच्या लढायांनी बंगालचा खजिना आटला. बनारसच्या चेतसिंगाकडे फ्रान्सशी जुंपलेल्या युद्धाच्या नावाखाली १७७८ पासून दरसाल पाच लाख जादा मागितले जात होते. १७८१ मध्ये हेस्टिंग्ज वसुलीला स्वतः गेला तेव्हा तिथे उठाव झाला. पाठोपाठ अवधच्या बेगमांच्या खजिन्यावर हात पडला. पुण्याच्या गादीचे भांडण असे गंगेकाठच्या लोकांच्या खिशापर्यंत जाऊन पोहोचले. त्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता.

१७ मे १७८२ रोजी महादजीच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. साष्टी आणि मुंबईलगतची काही बेटे कंपनीकडे राहिली, वसई परत गेली, भडोच महादजीला मिळाले. रघुनाथरावाला ठरले दरमहा २५,००० रुपये. सहा वर्षांपूर्वी पुरंदरच्या तहात हाच आकडा होता, आणि साष्टीही तेव्हाच मिळालेली होती. मधल्या सहा वर्षांच्या लढाईने कंपनीच्या पदरात मुलूख म्हणून जवळपास काहीच पडले नाही. मराठ्यांशी वीस वर्षे शांतता मिळाली, हा लाभ इंग्रज इतिहासकार आवर्जून सांगतात आणि तो खराही आहे. मात्र सुरतेच्या तहापूर्वी ती शांतता होतीच. रघुनाथराव कोपरगावी गेला आणि १७८३ मध्ये तिथेच वारला.

लंडनमध्ये हिशेब पार्लमेंटने मागितला. कॉमन्स सभेच्या चौकशी समित्यांनी या युद्धाचे कागद तपासले आणि मे १७८२ मध्ये, सालबाईचा तह झाल्याची वार्ता तिथे पोहोचण्याच्या आत, हेस्टिंग्ज व हॉर्नबी यांना परत बोलवावे असा ठराव सभेने केला. कंपनीच्या भागधारकांनी हेस्टिंग्जला हलवू दिले नाही. १७८४ च्या पिटच्या कायद्यात मात्र हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याचे बेत ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेला व अब्रूला धरून नाहीत, असे कलम घातले गेले. ते किती पाळले गेले, हे पुढच्या तीस वर्षांत दिसले.

याच व्यवहाराची दुसरी आवृत्ती रघुनाथरावाच्या मुलाच्या वाट्याला आली. यशवंतराव होळकराने ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला पराभव केल्यावर दुसरा बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने कंपनीशी तह केला. गहाणवटीचा आणि थकबाकीचा घोळ कंपनीच्या लक्षात राहिला होता. दरमहा रोकड मागण्याऐवजी सहा हजारांच्या कायम तैनाती फौजेच्या खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून घेण्यात आला. तो मुलूखही पुढच्या वर्षी बुंदेलखंडाशी अंशतः बदलून घेतला गेला. दुबळ्या पेशव्याशी केलेला हा तह शिंदे-भोसल्यांशी युद्ध ओढवून घेईल, अशी हरकत लंडनच्या नियंत्रण मंडळाच्या लॉर्ड कॅसलरेने घेतली, आणि कंपनीच्या बाजूने लढलेल्या सेनापती आर्थर वेलस्लीने तिला लांबलचक उत्तर लिहिले. तोवर असई आणि आडगावच्या लढाया होऊन गेल्या होत्या.