दात्याचा शब्द: नांदेडच्या गुरुद्वारापासून किल्लारीच्या घरांपर्यंत

नांदेडचा सचखंड गुरुद्वारा पंजाबच्या पैशातून उभा राहिला. महाराजा रणजितसिंह यांनी 1832 ते 1837 या काळात तो बांधवून घेतला. दाता लाहोरला, मुलूख निजामाचा आणि वास्तू भाविकांची, असा हा तिहेरी मामला होता. दान देऊन झाल्यावर त्याचा कारभार कोणी पाहायचा, हा प्रश्न अशा व्यवहारात कधी ना कधी उभा राहतोच. 1956 साली हैदराबाद राज्याने खास कायदा करून गुरुद्वारासाठी मंडळ नेमले. 2015 च्या दुरुस्तीने मंडळाचा अध्यक्ष नेमण्याचा अधिकार राज्य सरकारकडे गेला आणि शीख समाजात नाराजी पसरली. दाता जाऊन पावणेदोनशे वर्षे उलटली तरी प्रश्न जुनाच राहिला.

निजामी अमलात देवस्थाने, मठ आणि दर्गे यांना इनाम जमिनी असत. पूजा, दिवाबत्ती किंवा उरूस यांची सेवा चालू ठेवायची, तर जमीन राहायची. ही अट बहुधा सनदेत लिहिलेली असे. ती जाचक असली तरी कागदावर होती, त्यामुळे तिच्यावरून भांडता येत असे. पुढच्या काळातल्या दानाला एवढीही सोय नव्हती.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे 8,000 माणसे गेली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद हेच बहुतेकांच्या मृत्यूचे कारण ठरले. थोड्याच दिवसांत देशभरातून पैसा, सामान आणि स्वयंसेवक येऊ लागले आणि ‘गाव दत्तक घेणे’ हा शब्दप्रयोग सरकारी कागदांत रुळला. शब्द प्रेमाचा आहे, पण दत्तक घेणारा वडीलधारा ठरतो आणि दत्तक गेलेल्याला कोणी विचारत नाही, हेही त्यात आलेच.

सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी बसवायची ठरली. त्यांतली अनेक गावे बांधण्याचे काम सेवाभावी संस्था, उद्योगसमूह आणि वृत्तपत्रांच्या निधींनी उचलले. घराचे आकारमान जमीनधारणेवर बेतले गेले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400 आणि त्याहून मोठ्या खातेदाराला 750 चौरस फूट. शेतकऱ्याला धान्य, औजारे आणि जनावरे यांसाठी जागा लागते, म्हणून नियमामागे व्यवहार होता, हे खरे. पण वर्गणीदाराने सर्वांत गरीब कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून दिलेल्या पैशातून सर्वांत मोठे घर सर्वांत सधन कुटुंबाला जाणार होते. जुनी विषमता मातीच्या भिंतींबरोबर पडली होती, ती सिमेंटमध्ये पुन्हा उभी करायची की नाही, याचा निवाडा करण्याची वेळ परगावच्या देणगीदारावर आली, आणि तो करण्याइतके गाव त्याला ठाऊक नव्हते.

आराखड्याच्या बाबतीतही असेच झाले. जुन्या गावांत बोळ, वाडे, ओसरी आणि गोठे यांची दाट वीण होती, घर खणांवर मोजले जाई. नव्या वसाहती रुंद रस्ते आणि सरळ रांगा यांच्या चौकटीत आल्या. त्या छावणीसारख्या दिसतात, अशी टीका पुढे अनेकांनी केली. मलयाळ मनोरमा या वृत्तपत्राने लातूर जिल्ह्यातले बाणेगाव उभारून दिले, त्याच्या रचनेशी लॉरी बेकर या वास्तुविशारदाचे नाव जोडलेले आहे. गुबाळला तर घुमटाकार घरे उभी राहिली. ती पाहुण्यांना दाखवण्यासारखी आहेत, पण घुमटाच्या गोल भिंतीला कपाट कसे टेकवायचे, हा रहिवाशाचा प्रश्न आराखडा काढताना कोणाला पडला असेल असे वाटत नाही. अनेक गावांत लोकांनी नंतर पत्र्याची शेड जोडली, अंगणाला भिंत घातली. दुसऱ्या बाजूने हेही खरे की दगडी भिंतीची धास्ती लोकांच्या मनात इतकी होती की त्यांनी स्वतःच सिमेंट-काँक्रीटची मागणी केली. ऐकायचे ते आजच्या भीतीचे की उद्याच्या सोयीचे, याचे सोपे उत्तर कोणाकडेही नव्हते.

मुलांबाबतचा पेच अधिक नाजूक होता. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1,200 मुले पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, वाघोलीचे केंद्र त्यातूनच घडले. शिक्षणाचा लाभ उघड होता. मूल मात्र उरलेल्या नातेवाइकांपासून आणि गावापासून दूर जात होते, आणि संमती देणारे घर स्वतःच कोसळलेल्या अवस्थेत होते. याउलट ज्ञान प्रबोधिनीने त्याच भागातल्या हराळीला शाळा काढून मुलांकडे जाण्याचा मार्ग धरला. सास्तूरचे स्पर्श रुग्णालयही असेच तिथे रुजले. एकदा इमारत बांधून परतणे आणि वर्षानुवर्षे पगार, औषधे, दुरुस्ती यांचा भार वाहणे, यांत दुसरे काम फोटोत येत नाही.

कमी नुकसान झालेल्या गावांतल्या पावणेदोन लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मात्र निराळ्या पद्धतीने झाले. तिथे पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती दिला गेला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून पुढे आणले. लोकांना नियम समजावणे आणि त्यांच्या तक्रारी अधिकाऱ्यांपर्यंत नेणे हे त्यांचे काम. एरवी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे विश्वस्त धर्मादाय आयुक्तांना हिशेब देतात. रुपया कुठे खर्च झाला, हे त्यातून कळते. ज्याच्यासाठी खर्च झाला त्याला ते हवे होते का, हे विचारणारा रकाना त्या हिशेबात नसतो. तो रकाना या बायकांनी तोंडी भरला.

1994 साली रेडक्रॉस आणि इतर आंतरराष्ट्रीय मदत संस्थांनी आपत्तीतल्या कामाची आचारसंहिता ठरवली. मदत घेणारा आणि मदत देणारा, दोघांनाही संस्था उत्तरदायी आहे, असे तिच्यात नमूद झाले. 2001 च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातमध्येही आधी गावे हलवण्याचा आणि दत्तक देण्याचा विचार झाला, पण बहुतेक गावांनी जागा सोडायला नकार दिला. मग सरकारने घरमालकांना टप्प्याटप्प्याने पैसे दिले, आणि संस्थांच्या वाट्याला बरेच काम गवंड्यांना भूकंपरोधक बांधणी शिकवण्याचे आले.