पुश बटण स्विच म्हणजे काय? प्रकार, उपयोग आणि लाल-हिरव्या बटणांतला फरक

दारावरची बेल, लिफ्ट, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर, कारखान्यातली मशीन. या सगळ्यांत पुश बटण स्विच असतो. बटण दाबले की आतले धातूचे कॉन्टॅक्ट जोडले जातात किंवा सुटतात. बाहेरून ही बटणे सारखी दिसली तरी चुकीच्या जागी चुकीचे बटण बसवले, तर ते जिवावर बेतू शकते.

दाबल्यानंतरच्या कामावरून प्रकार

१. मोमेंटरी : बोट दाबलेले असेपर्यंतच काम करते. सोडले की स्प्रिंगमुळे परत वर येते. उदा. दारावरची बेल.

२. लॅचिंग : एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद. उदा. बऱ्याच टॉर्च आणि टेबल लॅम्पची बटणे.

आतल्या कॉन्टॅक्टवरून प्रकार

१. नॉर्मली ओपन, म्हणजेच एनओ : एरवी सर्किट तुटलेले असते, दाबल्यावर जोडले जाते.

२. नॉर्मली क्लोज्ड, म्हणजेच एनसी : एरवी सर्किट जोडलेले असते, दाबल्यावर तुटते. अनेक फ्रिजमध्ये दाराजवळ असे बटण असते. दार बंद असताना ते दाबलेले राहते, म्हणून आतला दिवा बंद असतो. दार उघडले की दिवा लागतो.

स्टार्टरमध्ये दोन वेगळी बटणे का?

हिरवे बटण एनओ असते. ते दाबले की स्टार्टरमधल्या कॉइलला वीज मिळते, कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि मोटर सुरू होते. बोट काढल्यावरही कॉन्टॅक्टरचाच एक जादा कॉन्टॅक्ट कॉइलला वीज देत राहतो.

बंद करण्यासाठी मात्र एनसी कॉन्टॅक्ट वापरतात. समजा, या बटणाची तार तुटली, तर कॉइलची वीज जाते आणि मोटर आपोआप थांबते. इथे एनओ वापरले असते, तर तार तुटल्याचे कुणाला कळलेच नसते. ऐन संकटात बटण दाबूनही मशीन चालूच राहिली असती!

याच रचनेमुळे वीज जाऊन परत आली तरी मोटर स्वतःहून सुरू होत नाही. पंपाला ऑटो स्विच लावला की हे संरक्षण निघून जाते. शिवाय वीज येताच परिसरातले सगळे पंप एकदम सुरू होऊन ट्रान्सफॉर्मरवर मोठा भार येतो.

इमर्जन्सी स्टॉप

पिवळ्या पार्श्वभूमीवर मोठे, लाल, छत्रीच्या आकाराचे बटण. घाईत तळहातानेही दाबता येते. दाबल्यावर ते तसेच अडकून राहते आणि बहुतेक वेळा फिरवून सोडवावे लागते. सोडवल्यावरही मशीन लगेच सुरू होता कामा नये, त्यासाठी स्टार्ट बटण वेगळे दाबावेच लागते.

बटण घेताना काय पाहावे?

• एनओ हवे की एनसी
• व्होल्ट आणि अँपिअरची मर्यादा
• पॅनेलच्या छिद्राचा आकार (औद्योगिक बटणांसाठी २२ मिमी सर्रास वापरतात)
• धूळ-पाण्याची जागा असेल तर आयपी ६५ सारखे रेटिंग

हे विसरू नका

लाल बटणाने मोटर थांबते, पण स्टार्टरपर्यंत येणारी वीज बंद होत नाही. झाकण उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, टेस्टरने तपासा आणि दुरुस्ती जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.