क्लारा बार्टनबाई आणि मदतनिधीचा जमाखर्च

देवस्थानच्या वार्षिक सभेत जमाखर्चाचे वाचन सुरू झाले की सभामंडपातील निम्मे महाजन जांभया देऊ लागतात, हा अनुभव सर्वांचाच आहे. सारे आयुष्य कारकुनीत घालविलेल्या प्रस्तुत लेखकास मात्र त्या वाचनात रस वाटतो. त्याचे कारण सांगण्यासाठी एका परदेशी बाईची हकीकत येथे निवेदन करीत आहे. पूर वा भूकंप झाला म्हणजे आपली देवस्थानेही मदतनिधी जमवितात; तेव्हा ही हकीकत महाजनांस अगदीच परकी वाटू नये.

क्लारा बार्टन यांचा जन्म १८२१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात झाला. वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीत त्या कारकून होत्या, म्हणजे आमच्याच पेशाच्या. तेथील यादवी युद्ध संपल्यावर बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी कचेरी त्यांनी चालविली, ६३,००० हून अधिक पत्रांना उत्तरे धाडली आणि सुमारे २२,००० सैनिकांचे काय झाले ते शोधून काढले. कागदपत्रे नीट ठेवण्याची हातोटी बाईंना नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. १८८१ साली त्यांनी अमेरिकन रेडक्रॉसची स्थापना केली.

१८८९ च्या मे महिन्यात पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाऊन गावाच्या वरचे धरण फुटून २,२०९ माणसे दगावली. सदुसष्ट वर्षांच्या बार्टनबाई तेथे पाच महिने ठाण मांडून राहिल्या. १८९३ च्या ऑगस्टात दक्षिण कॅरोलायनाच्या सी आयलंड्स नामक बेटांवर वादळ कोसळले. बाईंच्या हाती देणगीचे सुमारे ३०,००० डॉलर, आणि जगवावयाची माणसेही सुमारे ३०,०००. बहुतेक पूर्वाश्रमीच्या गुलामांची कुटुंबे. माणशी एक डॉलर! तेवढ्यात दहा महिने काढावयाचे. बाईंनी लोकांकडून पाण्याच्या निचऱ्याचे चर खणून घेतले, बियाणे वाटले, घरे पुन्हा उभी करविली. इतक्या थोड्या पैशांत इतके काम झाल्याची उदाहरणे विरळाच.

मग घोडे अडले कोठे? बाईंचे घर आणि संस्था यांमध्ये भिंत अशी राहिली नव्हती. वॉशिंग्टनजवळ ग्लेन एको येथील त्यांचे घर जॉन्सटाऊनच्या निवाऱ्यांच्या लाकडातून उभे राहिले होते. तेच संस्थेचे कोठार, तीच कचेरी आणि तेच बाईंचे बिऱ्हाड. प्रसंगी त्या स्वतःचे पैसे संस्थेत घालीत. पदरचे किती आणि दात्यांचे किती, हे नेमके सांगणारा कागद मात्र दरवेळी सापडत नसे. विश्वासाच्या माणसास पावती कशाला, अशी त्यांची समजूत असावी. ही समजूत आपल्याकडेही भरपूर आहे.

पुढे संस्थेतच मेबल बोर्डमन यांच्या पुढाकाराने एक विरोधी पक्ष उभा राहिला. इंडियाना प्रांतात देणगी म्हणून मिळालेल्या एका विस्तीर्ण जमिनीच्या व्यवहारात मदतीचा पैसा वापरला गेला, असा आरोप झाला. १९०४ साली सिनेटर प्रॉक्टर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. मुख्य साक्षीदाराची साक्ष विश्वासार्ह ठरली नाही, चौकशी आटोपती घेण्यात आली, अपहार म्हणून काहीही सिद्ध झाले नाही. तरीही त्याच वर्षी मे महिन्यात, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, स्वतः स्थापन केलेल्या संस्थेचा राजीनामा बाईंना द्यावा लागला. १९०५ च्या जानेवारीत संस्थेस नवी सनद मिळाली. तीनुसार वार्षिक हिशोब युद्धखात्याकडे सादर करून तपासून घेणे बंधनकारक झाले.

आपल्या गोव्यात १९३३ च्या देवस्थान-नियमाने अंदाजपत्रक आणि हिशोब सरकारदरबारी मंजूर करून घेण्याची सक्ती महाजनांवर केली. तिच्याविषयी कुरकुर पुष्कळ झाली, आणि परक्या सत्तेने देवाच्या पेटीत डोकवावे ही गोष्ट सलण्याजोगी होतीच. पण लिसेवांत शिकलेले ‘रेसेइता’ आणि ‘देश्पेझा’ हे दोन शब्द समोरासमोर लिहिण्याची शिस्त त्यातून लागली, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे.

हिशोब चोख असूनही घोटाळा होऊ शकतो, याचे प्रत्यंतर त्याच अमेरिकन रेडक्रॉसने २००१ साली दिले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ‘लिबर्टी फंड’ या नावाने जो निधी उभारला गेला, तो नोव्हेंबरपर्यंत ५४ कोटी डॉलरांच्या वर गेला होता. त्यातील मोठा भाग रक्तसाठा आणि पुढील संभाव्य हल्ले यांसाठी राखून ठेवण्याचा संस्थेचा बेत होता. पैसा कोणी खाल्ला नव्हता. पण दात्यांनी तो मृतांच्या कुटुंबांसाठी दिला होता. जीर्णोद्धाराची वर्गणी पालखीवर खर्च केली तर महाजन काय म्हणतील? तसेच तेथे झाले. अध्यक्षा बर्नाडिन हीली यांनी पद सोडण्याचे जाहीर केले, अमेरिकन काँग्रेसपुढे झडती झाली आणि १४ नोव्हेंबर रोजी संपूर्ण निधी पीडितांसाठीच देण्याचा निर्णय संस्थेस घ्यावा लागला.

माझ्या नोकरीच्या काळात एका पुराच्या वेळी आमच्या वाड्यावर वर्गणी जमली. ती जमविणारे वयोवृद्ध गृहस्थ खर्च लिहीत असत तो लग्नपत्रिकांच्या पाकिटांच्या पाठीवर. त्यांच्या पश्चात कुजबुज सुरू झाली, आणि त्यांच्या मुलाने सभेला येणे सोडले. पुढे ती पाकिटे त्यांच्या सुनेने माझ्या हाती आणून दिली. दोन संध्याकाळी बसून मी बेरजा केल्या. जमेपेक्षा खर्च एक्केचाळीस रुपयांनी अधिक निघाला. तो त्यांनी पदरचा घातला होता. सभेत मी ते वाचून दाखविले, परंतु मुलगा त्याही दिवशी आला नव्हता.