गॅनोडर्मा

झाडाझुडपांची मुळे कुजवणाऱ्या परजीवी कवकांची प्रजाती. तिची प्रमुख जाती गॅनोडर्मा ल्युसिडम या नावाने ओळखली जाते. तिचे पहिले वर्णन कर्टिस यांनी 1781 मध्ये केले. कार्स्टेन यांनी 1881 मध्ये स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. भारतात शिसू, खैर, बाभूळ, शिरीष अशा वृक्षांवर तिची नोंद आहे. लखनौसह गंगेच्या मैदानात शिसूची झाडे रस्त्यांच्या व कालव्यांच्या कडेने पुष्कळ आहेत, म्हणून तिथे या कवकाची ओळख विशेष उपयोगी पडते.

पावसाळ्यात बुंध्याशी किंवा उघड्या मुळांवर कवकाची मूत्रपिंडाच्या आकाराची फळे येतात. वरचा पृष्ठभाग तांबूस-तपकिरी, लाखेचे रोगण दिल्यासारखा चकचकीत. वाढती कड पांढरी-पिवळसर. खालच्या बाजूस पडदे नसून बारीक छिद्रे असतात. ती बाजू ताजी असताना पांढरट दिसते आणि ओरखडल्यावर तपकिरी होते. बीजाणू तपकिरी असून त्यांची भित्ती दुपदरी असते, आणि ही सूक्ष्मदर्शकाखालची खूण सर्वांत भरवशाची. गॅ. ॲप्लानेटम या जवळच्या जातीचा पृष्ठभाग निस्तेज असतो. मुळे कुजवणाऱ्या आर्मिलॅरिया या दुसऱ्या कवकाच्या छत्रीखाली पडदे असतात, बीजाणू पांढरे असतात.

फळ दिसते तेव्हा मुळे बहुधा आतून पोखरलेली असतात. त्यामुळे विरळ होणारा शेंडा वेळीच पाहणे महत्त्वाचे. जुन्या जंगलाचे बाधित खुंट जमिनीत राहिले, तर मुळांच्या स्पर्शाने रोग नव्या रोपांत शिरतो. म्हणून लागवडीपूर्वी खुंट उपटावेत आणि रोगट झाडाभोवती चर खणावा.