नाव बदललं म्हणजे मासिक संपलं का?

समजा, तुम्ही १९०० च्या आसपासच्या अमेरिकन स्वयंपाकघराचा अभ्यास करताय. ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये 'द बॉस्टन कुकिंग-स्कूल मॅगझीन' हे मासिक सापडतं. सुरुवात १८९६, शेवट १९१४. तुम्ही वहीत लिहून ठेवता, "१८ खंड निघाले, मग मासिक बंद पडलं." आता या एका ओळीवर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं: वाचक का घटले, स्वयंपाकशास्त्राची लाट का ओसरली, वगैरे. आणि ते सगळं चुकीचं ठरेल. कारण मासिक बंद पडलंच नव्हतं. ते 'अमेरिकन कुकरी' या नव्या नावाने पुढे ३० वर्षांहून जास्त काळ निघत राहिलं.

नामांतर हा आपण तळटीपेत उरकून टाकतो असा विषय आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याच्याकडे पुरावा म्हणून बघायला हवं. कसं, ते याच मासिकावरून पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. बॉस्टन कुकिंग स्कूल १८७९ मध्ये शहरातल्या विमेन्स एज्युकेशन असोसिएशनने सुरू केलं. स्वयंपाकावर पोट भरू पाहणाऱ्या बायकांना नीट शिक्षण मिळावं, हा मूळ हेतू. १८९६ मध्ये या शाळेच्या नावाने दोन गोष्टी बाजारात आल्या. एक हे मासिक. त्याच्या संपादक जॅनेट मॅकेन्झी हिल, याच शाळेत शिकलेल्या. दुसरं म्हणजे फॅनी फार्मर यांचं 'द बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक'. प्रकाशकाला त्याच्या खपाची इतकी कमी खात्री होती की पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च फार्मरबाईंनाच करावा लागला.

मग १९०२ साल उजाडलं. फार्मर यांनी शाळा सोडून स्वतःची वेगळी शाळा काढली आणि बॉस्टन कुकिंग स्कूल सिमन्स कॉलेजमध्ये विलीन झालं. म्हणजे बघा, मासिकाच्या मुखपृष्ठावर जिचं नाव होतं ती शाळा आता स्वतंत्र राहिलीच नव्हती. तरीही जुनं नाव आणखी १२ वर्षं चाललं. संस्था जाते, पण तिच्या नावाला बाजारात पत असते, आणि ती पत लगेच सोडवत नाही.

आता नामांतराकडे येऊ. इथे पहिला प्रश्न 'काय बदललं' हा नाही. 'काय बदललं नाही' हे आधी विचारा. नोव्हेंबर १९२१ चा 'अमेरिकन कुकरी'चा अंक घ्या. त्यावर खंड २६, अंक ४ असा क्रमांक आहे. मासिक १९१४ मध्ये नव्याने जन्मलं असतं तर २६ वा खंड कुठून आला असता? मोजणी सरळ १८९६ पासून चालू आहे. संपादक जॅनेट हिलच. प्रकाशक कंपनीच्या नावात अजूनही 'बॉस्टन कुकिंग-स्कूल मॅगझीन' आहे. आणि नव्या नावाखाली 'पूर्वीचं अमुक' म्हणून जुनं नाव छापलेलं आहे, नामांतराला सात वर्षं होऊन गेल्यावरही! नव्या नावाने दूरचे वाचक जोडायचे आणि जुने हातचे घालवायचे नाहीत, ही कसरत त्या एका पानावर दिसते.

दुसरा मुद्दा कारणांचा. १९१४ आणि 'अमेरिकन' हे दोन शब्द शेजारी दिसले की हात शिवशिवतात: "पहिल्या महायुद्धामुळे राष्ट्रवाद वाढला, म्हणून नाव बदललं." थांबा. अमेरिका युद्धात उतरली १९१७ मध्ये. साउअरक्राउट या जर्मन पदार्थाला 'लिबर्टी कॅबेज' म्हणण्याची टूम त्यानंतरची. दोन घटना एका साली घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. कारण लिहायचं तर त्या काळचा संपादकीय मजकूर किंवा पत्रव्यवहार हातात हवा. नुसती सनावळी पुरत नाही.

तिसरा मुद्दा शोधाचा. नियतकालिकाचं नाव मोठ्या प्रमाणात बदललं की ग्रंथपाल सहसा नवी नोंद करतात आणि दोन्ही नोंदींत 'आधीचं नाव', 'नंतरचं नाव' असा दुवा देतात. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यात 'अमेरिकन कुकरी' असं शोधलंत तर अमेलिया सिमन्स यांचं १७९६ चं त्याच नावाचं पुस्तक समोर येईल. त्याचा या मासिकाशी संबंध नाही, आणि त्या सिमन्सबाईंचा सिमन्स कॉलेजशीही नाही.

फार्मर यांच्या पुस्तकाचं मात्र उलट झालं. लोक ते लेखिकेच्याच नावाने ओळखू लागले आणि पुढच्या आवृत्त्यांचं शीर्षकही 'द फॅनी फार्मर कुकबुक' झालं. मासिकाच्या दोन्ही नावांत हिल कुठेच नाहीत. त्यात कॅटलॉगमध्ये त्यांचं काम दोन नोंदींत विभागलेलं. आपण एकच नोंद पाहून थांबलो, तर एका बाईने सलग केलेलं काम आपल्याच प्रबंधात अर्धं होतं. म्हणून हा प्रश्न नुसता तांत्रिक नाही.

मराठी नियतकालिकांवर काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. १९२० मध्ये कारखान्याचं मुखपत्र म्हणून निघालेलं 'किर्लोस्कर खबर' पुढे नुसतं 'किर्लोस्कर' झालं. फक्त दुसऱ्या नावाने शोधलंत तर सुरुवातीची वर्षं हातातून निसटतील.

तेव्हा कोणतंही जुनं नियतकालिक हाती घेतलंत की एका कागदावर चार रकाने आखा: नाव, खंड क्रमांक, संपादक, प्रकाशक. पहिला आणि शेवटचा उपलब्ध अंक बघून ते भरा. पहिल्या अंकावर 'खंड १' नसेल, तर आधीचं नाव शोधायला लागा. शेवटच्या अंकात निरोपाचा मजकूर नसेल, तर नंतरचं नाव शोधा. 'बंद पडलं' हे त्यानंतर लिहा.