मोठ्या स्कूटरी एकसारख्या का दिसतात?

१/ मोठ्या स्कूटरींची छायाचित्रे ओळीने मांडून त्यांवरची नावे झाकली, तर निर्माता ओळखणे कठीण जाते. रुंद तोंड, उंच काच, दोन टप्प्यांची बैठक, बैठकीखाली ऐसपैस डिकी. मग कोणी कोणाची नक्कल केली?

२/ उसनवारी या वाहनाच्या बालपणापासूनची आहे. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात साल्सबरी मोटर ग्लाइड ही स्कूटर तयार होऊ लागली. दशक सरण्यापूर्वीच तिला गीअर न बदलता वेग साधणारी, पट्ट्यावर चालणारी यंत्रणा मिळाली. अमेरिकेत राहिलेल्या एका जपानी गृहस्थाने मायदेशी आणलेल्या मोटर ग्लाइडवरून १९४६ मध्ये मित्सुबिशीची ‘सिल्व्हर पिजन’ घडली. आजच्या बहुतेक गीअरविरहित पेट्रोल स्कूटरी त्याच पट्ट्याच्या तत्त्वावर धावतात. साल्सबरीचे नाव मात्र जुन्या गाड्यांच्या संग्राहकांपुरते उरले आहे.

३/ मोठ्या स्कूटरचे आजचे रूप घडवण्यात १९८६ च्या होंडा सीएन२५० चा वाटा मोठा. जपानात ती ‘फ्यूजन’, अमेरिकेत ‘हेलिक्स’. २४४ सी.सी.चे, पाण्याने थंड होणारे इंजिन. लांबलचक, बुटका देह. स्वार आरामखुर्चीत बसल्यासारखा पाय पुढे ताणून बसणार. तिला देखणी म्हणणे धाडसाचेच, पण तिच्यासारखी दुसरी नव्हती. जपानात १९९७ मध्ये थांबलेली फ्यूजन तरुणांनी सजवून पुन्हा रस्त्यावर मिरवली आणि २००३ मध्ये होंडाने ती परत आणली. चिनी कारखान्यांनी तर तिच्या इंजिनाची रचनाच जशीच्या तशी उचलली.

४/ १९९५ मध्ये यामाहा मॅजेस्टी आली, १९९८ मध्ये सुझुकी बर्गमन, आणि साचा पक्का झाला. तरी या साम्याचा सगळा दोष नक्कलेला देता येत नाही. नेहमीच्या स्कूटरमध्ये इंजिन, पट्टा आणि मागचे चाक एकाच गठ्ठ्यात बांधलेले असतात. चाक खड्ड्यात उसळले की इंजिनही उसळते. त्या उसळीला जागा सोडायची, उरलेल्यात डिकी, टाकी आणि स्वाराचे पाय बसवायचे. आकार ठरवणाऱ्याच्या हाती राहते ते जवळजवळ केवळ कवच.

५/ शिवाय इंजिन जितके मोठे, तितका तो उसळणारा गठ्ठा जड, आणि भरवेगात चाकाची रस्त्यावरची पकड तितकीच सैल.

६/ २००१ च्या यामाहा टीमॅक्सने नेमकी ही गाठ सोडवली. तिचे ४९९ सी.सी.चे, दोन सिलिंडरांचे इंजिन मोटारसायकलप्रमाणे सांगाड्यालाच जोडलेले होते. मागच्या चाकाला स्वतंत्र भुजा मिळाली. सिलिंडर आडवे निजवले, म्हणून वजन खाली राहिले. कंपन मारण्यासाठी तर विरुद्ध दिशेने धावणारा तिसरा पिस्टन ठेवला, ज्यात इंधन कधी जळतच नाही! बाहेरून पाहणाऱ्याला ती आणखी एक मोठी स्कूटर वाटावी. अपूर्वता सगळी कवचाआड होती.

७/ पुढे बीएमडब्ल्यूची सी६०० स्पोर्ट (२०१२) आणि तैवानच्या किमकोची एके५५० (२०१७) याच वाटेने आल्या. दोन्हींत दोन सिलिंडर, दोन्हींत इंजिन सांगाड्याला जखडलेले. त्यांनी टीमॅक्सचा मुखवटा नव्हे, तिचा विचार घेतला.

८/ भारतीय रस्त्यांवर २०१८ पासून उलटा प्रकार दिसतो. सुझुकीच्या ‘बर्गमन स्ट्रीट’ला नाव आणि रुंद तोंड मोठ्या बर्गमनचे मिळाले; आत मात्र ॲक्सेसचेच १२५ सी.सी.चे इंजिन, मागच्या चाकासह उसळणारे.